इंजिनाचं अभ्यंगस्नान

जाम झालेली वस्तू दिसली की भुजंगरावांच्या तोंडाला पाणी सुटतं. दुसऱ्याला गरम जिलबी बघून सुटतं, तसं. न उघडणारं कुलूप, न फिरणारा नळ, गल्लीतल्या सगळ्यांनी हात टेकलेला पंप, काहीही चालतं. समोर वस्तू आणून ठेवली की आधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात, मग वाकून तिच्या कानात सांगावं तसं म्हणतात, "काय गं बाई, कुणावर रुसलीस?"

म्हैसूरच्या कडेला, बोगादीत त्यांची शेड आहे. तिच्या चहूबाजूंनी नाचणीची शेतं होती तेव्हा तिथे पंपसेट आणि टिलर यायचे. आता शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्यात आणि इमारतीतले लोक मिक्सर आणतात, गवत कापायची यंत्रं आणतात. एकदा एक बाई व्यायामाची सायकल घेऊन आल्या. भुजंगरावांनी ती नीट केली, पेडल मारून बघितलं आणि म्हणाले, "अय्यो, कुठे जायचंच नाही तर चाक कशाला हो बसवलंय?" बाई हसल्या. पुढच्या महिन्यात मुद्दाम त्यांच्याशी गप्पा मारायला म्हणून एक चांगला चालता पंखा दुरुस्तीला घेऊन आल्या.

हा नाद लागला कुठून, तर तलवारीपासून. घराणं शिपायांचं. पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात. घोडे गेले, महाराज गेले, घरात मराठी राहिली, तीही निम्मी कानडी होऊन, आणि एक तलवार राहिली. ती तलवार म्यानात अशी गंजून बसली होती की भुजंगरावांच्या वडिलांनाही ती बाहेर आलेली आठवत नव्हती. खंडेनवमीला, म्हणजे म्हैसूरकरांच्या आयुधपूजेला, म्यानासकट पूजा व्हायची. छोट्या भुजंगाला काही हे पटेना. आत खरंच तलवार आहे की नुसती मूठ? पूजेच्या आधी कितीतरी दिवस तो रोज गुपचूप म्यानाच्या तोंडात शेंगदाण्याचं तेल सोडायचा आणि स्वयंपाकघरातल्या लाकडी डावानं म्यानाला टकटक करायचा. खंडेनवमीला सगळी हत्यारं देवीपुढे मांडली गेली आणि या पठ्ठ्याला राहवेना. मूठ धरून ओढली. तलवार सर्रकन बाहेर!

वडिलांनी आधी एक सणसणीत ठेवून दिली. "पूजेत मांडलेल्या आयुधाला आज हात लावायचा नसतो! आज ती विसाव्याला बसतात, उद्या दशमीला उठतात!" आणि मग त्याच हातानं गुळाचा खडा पोराच्या तोंडात घातला, कारण तलवार बाहेर आलेली बघून त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. एका गालावर चापट, दुसऱ्या गालात गूळ. त्या दिवसापासून भुजंगरावांना दोन गोष्टी पक्क्या कळल्या. जाम झालेलं काहीही तेल आणि धीर यांनी सुटतं, आणि खंडेनवमीला मांडलेल्या हत्याराला हात लावायचा नाही.

आता गोष्ट इंजिनाची.

भुजंगरावांची बायको अंबुबाई. तिचं माहेर नंजनगूडच्या अलीकडे, कालव्याच्या काठी. वडिलांचं गुऱ्हाळ होतं. त्या मुलखात त्याला आलेमने म्हणतात. उसाचा चरक फिरवायला एक सिलिंडरचं डिझेल इंजिन, दोन बाजूंना दोन भलीमोठी चाकं, डोक्यावर उभं धुराडं. सबंध हंगाम ते 'धप्‌ धप्‌ धप्‌' करत राहायचं आणि अंबुबाई त्याच्या तालावर पाढे म्हणायची. भुजंगराव तिला बघायला गेले तेव्हा पोहे राहिले बाजूला, ते इंजिनाजवळच उकिडवे बसले. सासऱ्यांनी विचारलं, "मुलगी कशी वाटली?" तर म्हणाले, "व्हॉल्व्ह जरा वाजतोय, बाकी झकास." सासऱ्यांनी तिथल्या तिथे लग्न ठरवून टाकलं.

वडील गेले, गुऱ्हाळ थांबलं. धाकटा भाऊ दामोदरराव केळी लावतो आणि विजेच्या मोटरीवर पाणी घेतो. इंजिन शेडमध्ये नुसतं उभं होतं. यंदा गणपतीला बहीण-मेव्हणे गेले तेव्हा दामोदररावानं हळूच विषय काढला.

"दाजी, ते इंजिन मी भंगारवाल्याला सांगितलंय. शेड मोकळी करून सहानाची कार ठेवायची आहे."

सहाना ही त्याची मुलगी, हेब्बाळच्या मोठ्या कंपनीत नोकरीला.

अंबुबाई भाताचा घास हातात धरून तशीच बसली. तिनं माहेराकडे कधी काही मागितलं नव्हतं. मग म्हणाली, "दामू, अप्पांचा आवाज आता कशात उरलाय सांग. फोटो बोलत नाही."

"अक्का, इंजिन तरी कुठे बोलतंय? जाम झालंय. चार माणसं चाकाला लटकली तरी हलत नाही. बोलत असतं तर मीच ठेवलं असतं की."

"म्हणजे बोललं तर ठेवशील?"

"हौदु, हो. खंडेनवमीला बोललं तर राहील. नाही बोललं तर दशमीला टेम्पो येईल."

अंबुबाईनं नवऱ्याकडे बघितलं. भुजंगरावांच्या तोंडाला तर केव्हाच पाणी सुटलं होतं, आणि ते जेवणाचं नव्हतं.

"बोलेल," ते म्हणाले. "बोलेल काय, गाईल!"

दुसऱ्या दिवसापासून स्कूटरवर पुढे भुजंगराव, मागे अंबुबाई, तिच्या मांडीवर हत्यारांची पिशवी आणि डबा. भुजंगरावांनी इंजिनाला प्रदक्षिणा घातली, चौकशी केली, मग हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, नट सोडायला बसले. नट गंजून लाडवासारखे गोल झालेले. एकेकाला तेल पाजत, समजूत घालत दुपारी हेड वर उचललं, आत वाकून बघितलं आणि तसेच वाकलेले राहिले.

"काय हो, काय दिसतंय?" अंबुबाईनं विचारलं.

"प्रसाद," भुजंगराव म्हणाले.

पिस्टनच्या डोक्यावर तांबडा चिखल साचला होता, आणि त्या चिखलात अक्षता होत्या. चांगल्या हळद लावलेल्या तांदळाच्या अक्षता. त्याशिवाय झेंडूची वाळकी पाकळी, नारळाची शेंडी, कुंकवाचा गोळा. भुजंगरावांनी चिमट्यानं एकेक उचलून केळीच्या पानावर मांडलं आणि मेव्हण्याला हाक मारली.

"दामोदर, तू याची पूजा कशी करतोस रे?"

"कशी म्हणजे? अगदी साग्रसंगीत!" दामोदरराव छाती काढून म्हणाला. "बंद पडलं म्हणून मी पूजा चुकवली नाही कधी. दरवर्षी आधी डोक्यावरून स्नान. पाणी, दूध, मग नारळाचं पाणी, वरून अक्षता."

"डोक्यावरून म्हणजे कुठून?"

दामोदररावानं बोट दाखवलं. धुराड्याच्या उघड्या तोंडाकडे.

"आणि अप्पा त्या तोंडावर दुधाच्या पावडरीचा डबा उपडा घालायचे, तो कुठे गेला?" अंबुबाईनं विचारलं.

"तो मीच काढून टाकला, अक्का. देवाच्या डोक्यावर गंजका डबा? बरं दिसतं का?"

मग अंबुबाईला हसू फुटलं, ते काही थांबेना. "अय्यो दामू, तू इंजिनाला महादेव समजून अभिषेक केलास की रे! पिंडीला खाली पाणी जायला वाट असते, याला कुठली?"

"मला काय माहीत ते पोकळ आहे म्हणून!" दामोदरराव पुटपुटला. त्याच्या भक्तीनंच इंजिनाचा घसा धरला होता, हे कळल्यावर मात्र तो बरेच दिवस शेडकडे फिरकला नाही. लांबून बघायचा, चहा पाठवायचा.

भुजंगरावांनी सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचं जुनं तेल मिसळून ओतलं, वर फडकं झाकलं आणि बाजूला बाज टाकून आडवे झाले. दामोदररावाची माणसं आपसांत कुजबुजायला लागली की हे मेस्त्री तर झोपायलाच आलेत. झोपणं हा भुजंगरावांच्या कामाचाच भाग. लोखंडावर लोखंडाचा घण घालणाऱ्या माणसाला ते जवळ उभं करत नाहीत. रोज सकाळी यायचं, चिखल उपसायचा, ताजं तेल घालायचं, पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवायचा आणि त्यावर लाकडी हातोडीनं टकटक, टकटक, दार ठोठावल्यासारखं. मग चाकाला दोन्ही हातांनी धरून एकदा पुढे, एकदा मागे नुसता झोका द्यायचा. काही हललं नाही तर रागवायचं नाही. "आज नको म्हणतंय," असं म्हणून डबा उघडायचा.

घट बसले, हत्तींच्या मिरवणुकीच्या तालमी सुरू झाल्या, सगळं म्हैसूर दिव्यांनी सजायला लागलं, आणि इंजिन तसंच गप्प. घरी जाताना स्कूटरवर अंबुबाईचा हात भुजंगरावांच्या खांद्यावर जरा जास्त घट्ट बसत होता. त्या हातातून तिच्या मनातलं सगळं ऐकू यायचं.

आणि मग एका सकाळी झोका देताना चाक केसभर पुढे गेलं.

दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. भुजंगरावांच्या तळहातांना कळलं. त्यांनी हात तसेच ठेवून डोळे मिटले. मागे झोका, पुढे झोका. केसाची काडी झाली, काडीचं बोट झालं, आणि संध्याकाळच्या आत ते भलंमोठं चाक 'गुर्रर्र' करत एक अख्खा फेरा फिरलं. "अंबू!" ते ओरडले. "तलवार निघाली!"

पुढचं काम त्यांच्या हातचा मळ. सिलिंडरचा लायनर आतून घासून आरशासारखा केला. पिस्टनला नव्या रिंगा बसवल्या, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, नोझल साफ केला, डिझेलच्या नळीतली हवा काढली. नवमीच्या आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शेवटचा नट आवळला.

सहाना तेव्हा नुकतीच हेब्बाळहून आली होती. कंपनीत आदल्या दिवशीच कॉम्प्युटरांना कुंकू लावून झालं होतं. ती म्हणाली, "मामा, आत्ताच एकदा स्टार्ट करून बघा नं. टेस्ट."

"टेस्ट?" भुजंगराव हात पुसत म्हणाले. "नवरीला कुणी आदल्या दिवशी मांडवात नाचवून बघतं का? उद्या नारळ फुटेल, मी हँडल मारीन, आणि ही गायला लागेल. सगळ्यांसमोर!"

असा हा माणूस. खात्री इतकी, की आजपर्यंत ती खोटी पडल्याचं त्यांच्या लक्षातच राहिलेलं नाही.

खंडेनवमीला रात्रभर भुरभुर पाऊस पडून गेलेला. सकाळ गारठलेली. घरातली सगळी आयुधं देवीपुढे मांडली गेली. कोयते, कुदळी, घरातली विळी (भाज्या आदल्या दिवशीच चिरून ठेवलेल्या), सहानाचा लॅपटॉप आणि या सगळ्यांच्या पुढे, झेंडूच्या हारात, भुजंगरावांचे पाने, पक्कड, हातोडी. घोडदळाच्या हत्यारांच्या थाटात. इंजिनाला केळीचे खांब, उसाची मोळी, चाकांखाली लिंबं. या वेळी दामोदररावानं धुराड्याला हळदीचं बोट लावलं ते लांबूनच, चटका बसेल अशा बेतानं. कोहळा फुटला, नारळ फुटला. भाऊबंद जमले होते, मटणाचा वास सुटला होता.

भुजंगरावांनी सिलिंडरमधला दाब मोकळा करणारी वरची कळ उचलली, हँडल घातलं, चाकाला वेग दिला आणि कळ सोडली.

फुस्स.

धुराड्यातून पांढरा धूर निघाला, जांभई दिल्यासारखा. चाक थांबलं.

पुन्हा. फुस्स. पुन्हा. नुसता धूर. भाऊबंदांपैकी कुणीतरी दामोदररावाला कानात विचारलं, "टेम्पो उद्या किती वाजता येतोय?" कानात, पण मोठ्यानं. दामोदररावानं त्याच्याकडे असं बघितलं की तो मटणाकडे निघून गेला.

भुजंगरावांचा सदरा पाठीला चिकटला. हात सवयीनं उजवीकडे गेला, जिथे पिशवी असते तिथे. पिशवी नव्हती. पाने देवीपुढे विसाव्याला बसले होते.

सहाना कळवळून म्हणाली, "मामा, मी एकच पाना आणून देते. देवीला सॉरी म्हणते. बेगा, पटकन आणते."

भुजंगरावांचा हात आपोआप गालाकडे गेला. इतक्या वर्षांनी ती चापट तशीच ताजी होती. "बेडा, नको गं पोरी. आज ती उठत नाहीत." आणि क्षणभरानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "आणि पाना घेऊन सोडू तरी काय? सगळं बरोबर आहे. डिझेल पोचतंय, धूर येतोय. पेट घेत नाही. अंगात ऊब नाही तिच्या. रिंगा नव्या, अजून लायनरशी ओळख झाली नाही, दम निसटतोय मधून."

हे सगळ्यांनी ऐकलं. अंबुबाईनंही ऐकलं. ती तोंडाला पदर लावून उभी होती. तिनं पदर सोडला.

"अहो, गारठलंय म्हणता ना?"

"हो."

"मग अप्पा थंडीच्या दिवसांत काय करायचे? पहिल्या दिवशी, हंगाम उघडताना?"

"काय करायचे?"

"न्हाऊ घालायचे!" अंबुबाईचा आवाज एकदम लहान मुलीसारखा चढला. "मीच कढत पाण्याच्या घागरी आणून द्यायची. बाजूनं पाणी जातं ना थंड करायला, तिथून ते कढत पाणी ओतायचे, दुसरीकडून कोमट बाहेर यायचं. आणि हवा ओढतं त्या तोंडात पळीभर तेल. म्हणायचे, अंबू, सणाचा दिवस आहे, हिला तेल लावून न्हाऊ घालू!"

भुजंगरावांनी बायकोकडे बघितलं. तिला बघायला गेले होते त्या दिवशी इंजिनाकडे बघितलं होतं, तसं बघितलं.

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कधी? सारखे त्या बाजेवर झोपलेले!"

मग एकच धांदल. न्हाणीघरातला तांब्याचा हंडा सणाचा म्हणून सकाळपासून भरलेला आणि चुलीवर रटरटत होता. दामोदरराव स्वतः घागर घेऊन धावला. शेडपाशी येताच त्याचे पाय सवयीनं धुराड्याकडे वळले.

"दामू!" अंबुबाई कडाडली. "तिकडे नाही! खालच्या तोंडानं!"

"हौदु हौदु, अक्का, खालच्या तोंडानं!"

घागरीमागून घागर गेली. लोखंडाचं अंग हळूहळू तापलं. भुजंगरावांनी त्यावर तळहात ठेवला, बाळाचा ताप बघावा तसा, आणि मान हलवली. अंबुबाईनं देवीच्या समईसाठी आणलेल्या तेलातली पळीभर काढून हवेच्या तोंडात सोडली. तेलाला कुठे विसावा असतो? ते तर कामाला लागायलाच येतं.

"फिरवू?" भुजंगरावांनी विचारलं.

"थांबा," दामोदरराव म्हणाला. तो घामानं आणि पाण्यानं चिंब झाला होता. "दाजी, मलाही धरू द्या."

दोघांनी मिळून हँडल धरलं. चाक फिरायला लागलं, वेग घेतला, आणखी घेतला. अंबुबाईनं कळ सोडली.

धप्‌.

मग काहीच नाही. मग, धप्‌. धप्‌. धुराड्यातून काळ्या धुराचा एक गोल वर गेला, त्याच्या मागोमाग अक्षतांचा एक चुकार दाणा टणकन्‌ पत्र्यावर आपटला, आणि मग धप्‌ धप्‌ धप्‌ धप्‌! चाकांखालची लिंबं थरथरली, केळीची पानं डुलायला लागली, मटणाकडे गेलेला भाऊबंद हातात हाड घेऊन धावत आला.

कुणी काय बोललं ते कुणाला ऐकू आलं नाही. अंबुबाईचे ओठ तेवढे हलत होते. भुजंगरावांनी जवळ जाऊन बघितलं. ती पाढे म्हणत होती.

दामोदरराव कोपऱ्यात जाऊन एका कानात बोट घालून फोनवर ओरडत होता, "बेडा, बरबेडा! टेम्पो नको! काय? आवाज कसला? अरे, आमच्या अप्पांचा!"

दुसऱ्या दिवशी दशमीला भुजंगरावांनी देवीला नमस्कार केला आणि पाने उठवले. चरकाचे रूळ घासून पुसले, पट्टा चढवला आणि पूजेला बांधलेली उसाची मोळी त्यातून काढली. पहिला रस गंजाचा म्हणून सोडून दिला, दुसरा सगळ्यांनी प्यायला. सहाना ग्लास हातात धरून बघत राहिली आणि वडिलांना म्हणाली, "अप्पा, माझी कार बाहेर झाडाखाली राहील. तिला काय होतंय?"

निघायच्या वेळी इंजिन बंद केलं. धुराडं निवल्यावर अंबुबाईनं भावजयीकडून दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा मागून घेतला, पदरानं पुसला आणि धुराड्यावर उपडा घातला.

"अक्का," दामोदररावानं चाचरत विचारलं, "मग पुढच्या वर्षी पूजेला पाणी..."

"पाणी मी घालीन," अंबुबाई म्हणाली. "तू फुलं वाहा. डब्यावर."

स्कूटर कालव्याच्या रस्त्याला लागली तेव्हा भुजंगरावांना जाणवलं, खांद्यावरचा हात आज सैल आहे. आणि तो हात त्यांच्या खांद्यावर हलकेच ताल धरत होता, धप्‌ धप्‌ धप्‌.